दोन जावा, एक खोली आणि निळ्या काठाची ताटली

"पानीच पाहाचं असन तं वानच्या धरणावर चाल. डबा घेऊ, संध्याकाळी घरी येऊ. त्याच्यासाठी ग्रीस कायले पाह्यजे?"

आमच्या ह्यांनी जेवता जेवता एवढं बोलून माझ्या सांतोरिनीचा निकाल लावला आणि भाजी वाढून घेतली.

मी सोनाळ्यात राहते, संग्रामपूरला शाळेत मराठी शिकवते. पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली खोल निळं पाणी असलेला तो फोटो तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. आमच्या स्टाफरूममध्ये कुठल्याशा खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर तो होता. वर्ष संपलं, कॅलेंडर उतरलं, फोटो मी कापून ठेवला. शेहेचाळिसावं लागलं तेव्हा वाटलं, आता एक तर जावं, नाही तर फोटो फेकून द्यावा.

माझी लेक केतकी पुण्यात नोकरी करते. तिने दोन आठवडे मोबाइलवर शोधाशोध केली आणि फोन केला. "आई, सगळे म्हणतात सांतोरिनी फार महाग. महाग आहे ती कड्यावरची खोली. बेटाच्या आतल्या गावात राहा, मेच्या सुरुवातीला गर्दीच्या आधी जा, वेगवान बोटीच्या ऐवजी साध्या बोटीनं जा, न्याहारी घरून ने. होतंय."

शाळेतल्या आम्हा बायकांची भिशी यंदा माझी लागली होती. म्हणजे पैशाचंही जमत होतं. अडलं ते एकटीनं जाण्यावर. हे म्हणाले, "एकटी जाऊ नको. कोनी सोबत असन तं जाय." ह्यांना वाटलं, सोबत मिळणार नाही.

केतकी म्हणाली, "खोलीचं भाडं एकीला आणि दोघींना सारखंच आहे. मोठीआईला विचार ना."

मी विषय बदलून फोन ठेवला.

मोठीआई म्हणजे माझी मोठी जाऊ, शोभाताई. आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो, त्या आधी, मी नंतर. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, माणसं वाढणार म्हणून घराचे दोन भाग केले आणि मागच्या अंगणात छातीएवढी भिंत घातली. भांडण झालं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. झालं असतं तर मिटलं तरी असतं. चुली वेगळ्या झाल्या त्याच आठवड्यात मी भिंतीवरून ताईंकडे कढी दिली होती, माझ्या माहेरच्या पितळी गंजात. गंज म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं. तो गंज परत आला नाही. त्यानंतर भिंतीवरून ना वाटी गेली, ना वाटी आली. "लाइन गेली का?" "नळ आला का?" एवढं बोलणं चालू होतं. गंज मागायला जावं तर भांडायला गेल्यासारखं दिसेल, म्हणून मी गेले नाही. मुलं मात्र भिंतीवरून उड्या मारून दोन्हीकडे जेवत होती. केतकीचा मोठीआईला आठवड्याला फोन असायचाच.

तिनेच परस्पर विचारलं. दुसऱ्या दिवशी मी मागे कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून आवाज आला.

"वंदना, अवं, पासपोट हाये माह्याकडं."

ताईंचा मुलगा मस्कतला असतो, त्याच्याकडे जाण्यासाठी काढला होता, जाणं झालं नव्हतं.

"येता का मग?"

"कुठीसा हाये थे?"

"समुद्रात. बेट आहे."

ताईंनी दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाल्या, "म्हशीचं पाहाले सून हाये. चाल."

कपडे वाळत घालून झाले तरी मी तिथेच उभी होते. मला ते बेट हवंच होतं. पण त्याच क्षणी आणखी एक गोष्ट हवीशी वाटायला लागली. सोनाळ्यात सहा वर्षांत जे जमलं नाही, ते एका परक्या गावी, एका खोलीत आठ दिवस राहून जमेल का? आणि नाही जमलं तर? आज भिंत तरी आहे मध्ये. आठ दिवस एका खोलीत राहूनही काही झालं नाही, तर मग भिंतीला तरी काय बोल लावणार?

व्हिसाची तयारी जाणाऱ्यांनी दोन-तीन महिने आधी सुरू करावी. रजेचं पत्र, बँकेचे कागद, विमा, खोलीचं आणि विमानाचं आरक्षण हे लागतंच. ताईंकडे पगाराचा कागद नव्हता, म्हणून सातबारा इंग्रजीत करून जोडला. मुंबईला व्हिसाच्या कचेरीत खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही बहिणी का?" मी म्हटलं, "जावा." ती अमराठी होती, तिला कळेना. मी समजावलं की आमचे नवरे भाऊ भाऊ. ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघी एकत्र फिरायला चालल्यात?" ताई मला विचारतात, "काय म्हनते?" मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "तिचं लगन नसन झालं." पण पोरगी बरोबर बोलली होती.

सामानात निम्मी बॅग खाण्याची. बाहेरून युरोपात दूध-तुपाचं किंवा मांसाचं काही नेता येत नाही, तेव्हा पेढे, तुपातले लाडू घरीच ठेवा. आम्ही गूळ-शेंगदाण्याचे लाडू, तिळाची चटणी, भाजके दाणे आणि खारोड्या नेल्या. ज्वारीच्या कण्या तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून शिजवायच्या, त्याचे तुकडे कडक उन्हात वाळवायचे, की झाल्या खारोड्या. तेल आणि दाण्यांसोबत खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक लागत नाही. आठ दिवसांच्या न्याहाऱ्यांचा हिशेब त्यात बसवला होता. तो हिशेब कसा कोसळला, ते पुढे येईलच.

शेगावहून रेल्वेने मुंबई, तिथून आखाती देशात विमान बदलून अथेन्स. विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयस बंदरात जाते. रात्री तिथेच एका साध्या लॉजवर टेकलो आणि सकाळची बोट धरली. वेगवान बोट निम्म्या वेळात पोचवते, पण भाडं जवळजवळ दुप्पट, आणि बंद काचेत बसावं लागतं. साध्या बोटीला सात-आठ तास लागतात. तिच्या उघड्या गच्चीवर बसायला चाळीस-पंचेचाळीस युरोंच्या आसपास पडले. वारा फार असतो, मे महिन्यातही स्वेटर हाताशी ठेवा.

ताईंनी पदर कानाला गुंडाळला आणि तीन तास नुसतं पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकं पानी, आन् एकबी बैल पिऊ शकत नाई."

"तुम्हाला आवडलं नाही का?"

"आवडलं ना. मी तं नुसतं सांगून राह्यली."

बेटावर बंदरातून बस नागमोडी चढत फिरा या मुख्य गावात जाते. कुठेही जायचं तरी फिरालाच बस बदलावी लागते. तिकीट बसमध्येच, सुटी नाणी ठेवा. मोठी नोट दिली की कंडक्टर ज्या नजरेने पाहतो, ती आपल्या एसटीतल्यासारखीच. आमची खोली दक्षिणेकडच्या एम्पोरिओ गावात होती, दिवसाला चाळीस युरो. फिरात एवढ्याला खुर्चीही मिळाली नसती.

घरमालकीण इरीनी, साठीच्या पुढची, अंगाने भरलेली, काळा झगा, हातात फडकं. इंग्रजी जेमतेम. ती खाली राहायची, वर आमची खोली. तिने दार उघडून दिलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यात थबकलो. आत दोन खाटा असतील असं मला वाटलं होतं. होता एकच पलंग.

ताईंनी पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू घोरतं का वं?"

"हे म्हणतात, नाही."

"थो तं सोताच घोरते, त्याले काय आयकू येईन." थो म्हणजे त्यांचा धाकटा दीर, माझा नवरा. आम्ही दोघी उंबऱ्यातच हसायला लागलो. पंचवीस वर्षांत त्यांच्या दिरावर आम्ही दोघी मिळून हसलो ते बहुधा पहिल्यांदाच.

थोड्या वेळात इरीनी वर आली. हातात निळ्या काठाची पांढरी ताटली, तिच्यात कळ्या पाडलेल्या छोट्या गोड टिकल्या, मेलितिन्या म्हणतात त्यांना. त्यांचा मोठा सण ईस्टर नुकताच झाला होता, त्यातल्या उरलेल्या. आत चीज, वर वेलदोड्यासारखा काहीतरी सुवास. "ईट, ईट," म्हणून ती गेली.

"ह्याच्यात अंडं असन का?" ताई.

"विचारू का?"

"इचारू नको. खाऊन घे."

खाल्ल्या. मी ताटली धुतली, पुसली आणि खाली द्यायला निघाले, तर मागून ताईंचा आवाज, "रिकामी देतं का?"

मी थांबले. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? पण हे आपलं आपल्या गल्लीत. परदेशात, भाड्याच्या खोलीत ते कोण पाळणार? ताईंनी मूठभर खारोड्या आणि दाणे ताटलीत घातले. मी खाली जाऊन दिले. इरीनीने एक खारोडी उचलली, वास घेतला, चावली, डोळे मोठे केले आणि हाताने वारा घातला. पण दुसरी उचलली.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर ताटली. त्यात उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि ऑलिव्हचं तेल.

"आली का!" ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हे बी आपल्यातलेच निंघले."

दुपारी ताटली शेंगदाण्याचे लाडू घेऊन खाली गेली. संध्याकाळी टोमॅटोची भजी घेऊन वर आली. गाव बदललं तरी भजी ती भजीच, फक्त त्यात पुदिना होता.

दुसऱ्या दिवशी फिराला गेलो. कड्याच्या काठाने पायवाट आहे, ती पाहायला पैसे पडत नाहीत. सकाळी लवकर जा, दहानंतर मोठ्या जहाजांतली माणसं येतात आणि पाय ठेवायला जागा राहत नाही. काठावर उभं राहून मी खाली पाहिलं आणि माझ्या फोटोतलं ते निळं पाणी समोर आलं. मला वाटलं होतं, ओळखीचं वाटेल ते फोटोमुळे. पण ओळख वेगळीच निघाली. माझं माहेर दुसरबीड. तिथून लोणार जवळ. लहानपणी बाबा मोटारसायकलवर पुढे मला आणि मागे बहिणीला बसवून सरोवर दाखवायला नेत. काठावर उभं राहिलं की जमीन एकदम संपायची आणि खोल खाली खारं पाणी गोल पसरलेलं दिसायचं. इथेही तसंच. लोणार आकाशातून काही पडून झालं, हे आतून फुटून झालं, एवढाच फरक. बाबा म्हणत, "काठाला उभं राहायचं असेल तर कुणाचा तरी हात धर." मी सवयीने हात पुढे केला असेल. पाहिलं तर ताईंनी माझं मनगट धरलं होतं.

"पडशीन," त्या म्हणाल्या. "तुले पाहाच्या नादात भान नसते."

बसस्टॉपवर एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, "इंडिया? ताजमहाल?"

ताई ठासून म्हणाल्या, "नाई. सोनाळा."

तो मान डोलावत म्हणाला, "आ, सोनाळा!" जणू मागच्याच वर्षी जाऊन आलाय.

बेटावर नळाचं पाणी पिण्यासारखं नाही, बाटल्या विकत घ्याव्या लागतात. मोठी बाटली गावातल्या दुकानातून घ्या, कड्यावर तीच दुप्पट. जेवायला फावा मागा. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घोटलेलं वरण ते, वर चिरलेला कांदा. स्वस्त, पोटभर, आणि तिथलंच. ताईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "फोडनी राह्यली वाट्टे."

एम्पोरिओच्या बाहेर त्याच डाळीची शेतं होती. पहाटे बायका-माणसं झाडं उपटत होती, दव आहे तोवर, म्हणजे शेंगा फुटत नाहीत. आपण हरभरा काढतो तेव्हा हेच. द्राक्षाच्या वेली तर जमिनीवर टोपलीसारख्या वळून ठेवलेल्या, वाऱ्याने मोडू नयेत म्हणून. विहीर नाही, पाट नाही. ताई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "पूरं कोरडवाहू हाये गा," आणि तेव्हापासून बेटाबद्दल त्यांच्या बोलण्यात जरा आपुलकी आली.

पेरिसाचा किनारा एम्पोरिओहून बसने अगदी जवळ. तिथली वाळू काळी आहे. छत्री-खुर्चीला भाडं पडतं, पण किनाऱ्याच्या टोकाला झाडाची सावली फुकट मिळते. आजूबाजूला अगदी कमी कपड्यांत माणसं पहुडलेली. ताईंनी सगळीकडे एकदा शांतपणे पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "यायले वाळत घातलं कोनं?" मग साडी पोटऱ्यांपर्यंत खोचली आणि सरळ पाण्यात गेल्या. एक लाट आली, गुडघे भिजले. दुसरी आली, कंबर भिजली. "व माय! वंदना, ये ना वं, कोनी ओळखत नाई आपल्याले!" पंचावन्न वर्षांची माझी जाऊ पाण्यात बसकण मारून हसत होती. मीही गेले. ओल्या साड्यांनी आम्ही बसमध्ये उभ्याने आलो, कंडक्टरने बसूच दिलं नाही.

तोवर ताटली खालीवर चालूच होती. बटाट्याच्या फोडी आल्या, तिळाची चटणी गेली. भाजलेलं वांगं आलं, राहिलेले लाडू गेले. चौथ्या दिवशी ताईंनी बॅग उलटी केली तर हळद, तिखट, मोहरी आणि हिंगाच्या पुड्या तेवढ्या निघाल्या. आठ दिवसांच्या न्याहाऱ्या चार दिवसांत इरीनीच्या पोटात गेल्या होत्या. आणि पायरीवर ताटली होती, ताज्या पालकाच्या पोळीने भरलेली.

"आता?" मी म्हटलं. "आजच्या दिवस रिकामी द्या. तिला कळेल."

"काय कळन? की संपलं?" ताई पुड्या गोळा करायला लागल्या. "चाल खाली."

आम्ही दुकानातून पावशेर फावा घेतला आणि इरीनीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो. ताईंनी हाताने ढवळायची खूण केली. इरीनीने दोन क्षण आम्हाला न्याहाळलं आणि बाजूला सरकली. डाळ शिजली, घोटली. मग ताईंनी कढईत तेल तापवलं, मोहरी, लसूण, हिंग आणि वर आमच्या इकडचं तिखट घातलं. पुढची पाच मिनिटं कुणालाच बोलता आलं नाही. तिघी खोकत अंगणात. शेजारच्या घराची खिडकी उघडली, कुणीतरी ओरडून विचारलं. इरीनीने डोळे पुसत ओरडून उत्तर दिलं आणि हसत हसत पायरीवर बसली. ताई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "इरनाबाई काय म्हने?"

"मला कसं कळणार? ग्रीक बोलली ती."

"तू मास्तरीन हाये ना?"

नंतर इरीनीने ते वरण पावाला लावून वाटीभर खाल्लं. ताईंनी ताटली पुसली, तिच्यात वरण घातलं आणि मोठ्या मानाने तिच्याच हातात दिली. तिच्याच घरात, तिच्याच गॅसवर शिजवलेलं. इरीनीनेही ती उठून दोन्ही हातांनी घेतली.

दुपार कलल्यावर आम्ही दोघी वरच्या पायरीवर बसलो होतो. खाली गल्लीत मांजर झोपलं होतं. ताई पायाचे तळवे चोळत होत्या. एकदम म्हणाल्या, "तुहा गंज हाये माह्याकडं."

मी मांजराकडे पाहत राहिले. "माहीत आहे मला."

"मांगितला नाई तुनं."

"तुम्ही दिला नाहीत."

"रिकामा कसा देऊ?" त्या माझ्याकडे वळल्या. "अवं, घासून पुसून ठेवला होता दुसऱ्याच दिवशी. म्हनलं, लग्नाचा चिवडा होईन, थो भरून देईन. लग्नाच्या धावपळीत राह्यलं. मंग म्हनलं, महिना झाला, आता नुसता चिवडा कसा देवाचा? पुरन घालू. होळीले ठरवलं, तं सासऱ्याचं दुखनं निंघालं. मंग वरीस झालं. वर्षाच्या गंजात काय घालाचं, तू सांग. दोन वर्षाच्या? जितके दिवस गेले, तितका थो मोठा झाला. आता तं इतका मोठा झाला, की काहीबी घातलं तं बुडाशीच दिसन."

मला इतकी वर्षं वाटलं होतं, ताईंना तो गंज ठेवूनच घ्यायचा आहे. कढी आवडली नसेल इथपासून ते मी काही बोलले असेन इथपर्यंत सगळं मनात येऊन गेलं होतं. आणि पलीकडे एक बाई सहा वर्षं फडताळासमोर उभी राहून विचार करत होती, काय घालू.

"रिकामा दिला असता तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"तुले चाललं असतं. मले नाई."

मग आम्ही पुष्कळ वेळ बसलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, घरचंच होतं. ताईंनी एकदा विचारलं, "कढीत काय घालतं तू? तसी कोनी करत नाई आमच्याकडं." मी म्हटलं, "ओवा. दुसरबीडची पद्धत." त्या म्हणाल्या, "तरीच!"

निघायच्या सकाळी ताईंनी ताटलीत उरलेली हळदीची पुडी ठेवली, वर खिडकीखालच्या कुंडीतलं एक फूल, आणि खाली नेऊन दिली. "आता आपलं फिटलं," मला म्हणाल्या. पण बस यायच्या आत इरीनी धापा टाकत स्टॉपवर आली. हातात ताटली नव्हती, कागदी पिशवी होती. तिच्यात शेतातली नवी डाळ, किलोभर तरी. तिने ती ताईंच्या हातात कोंबली, गालाला गाल लावले आणि बोट नाचवत इंग्रजीत म्हणाली, "यू कम. यू ब्रिंग."

बस सुटली. ताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "पाह्यलं का, कसी हुशार हाये. आपल्यावरच ठेवली."

"मग परत यावं लागेल."

"हाव. म्हनूनच तं ठेवली."

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. बोट, मेट्रो, दोन विमानं, रेल्वे, आणि शेगावला उतरल्यावर ते ऊन. दोघींचा मिळून सगळा खर्च गावातल्या एका साध्या साखरपुड्याएवढा झाला असेल. पुन्हा जायचं तर खाण्याची बॅग दुप्पट भरीन, एवढाच बदल. घरी येऊन डाळ अर्धी अर्धी वाटून घेतली. ह्यांनी विचारलं, "मंग? वानच्या धरणाहून मोठं हाये का?" मी म्हटलं, "जरासं."

आणि मग काहीच झालं नाही.

एक दिवस गेला, चार गेले. पलीकडून म्हशीला हाक मारल्याचा आवाज येई, सुनेशी बोलल्याचा येई. "नळ आला का?" एवढं झालं एकदा. मला वाटायला लागलं, ते तिकडचं तिकडेच राहिलं. परक्या गावच्या पायरीवर माणूस बोलतं, कारण तिथे कुणी पाहत नाही. इथे आल्यावर भिंत आहेच, तिला काय कळणार आपण कुठे जाऊन आलो. सांतोरिनीचे फोटो मी केतकीला पाठवले, तिने विचारलं, "मोठीआईनं गंज दिला?" मी म्हटलं, "लागेल वेळ." आणि मनाशी म्हटलं, आता तर त्यात आणखी आठ दिवसांची भर पडली.

आज दुपार कलल्यावर मी चहा टाकला होता. मागून हाक आली. गेले तर भिंतीवर माझा गंज ठेवलेला. घासून लखलखीत. ताईंचे दोन्ही हात त्याच्याभोवती होते. आत डोकावले. अगदी तळाशी वरण होतं, इरीनीच्या डाळीचं, फोडणी घातलेलं. दोन पळ्या, फार तर तीन.

"कमी हाये," ताई म्हणाल्या. "मुद्दाम कमी घातलं. भरून द्याचा इचार केला असता, तं अजून सहा वर्ष लागले असते."

मी गंज उचलला. कोमट होता.

रात्री मी एकटीने ते वरण खाल्लं, ह्यांना दिलं नाही. कॅलेंडरचा तो फोटो आता फ्रीजवर चिकटवला आहे, पण येता-जाता माझी नजर जाते ती ओट्याकडे. गंज तिथेच पालथा घातलाय, अजून ओला आहे. उद्या सकाळी तो भिंतीवर ठेवीन. घरात काल आणलेली कोथिंबीर आहे, एक जुडी. तेवढी पुरे.